घरगुरुजी

चेन्नईत नव्याने बिऱ्हाड केलेल्या माणसाला पगार कोणी विचारत नाही, जातही विचारत नाही. ते दुसऱ्या भेटीत, आडवळणाने. पहिला प्रश्न लिफ्टमध्ये, बरोबरच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवत येतो : ‘एंद स्कूल?’ कुठली शाळा? शाळेचं नाव कानावर पडलं की मामी तेवढ्यावरून तुमचं उत्पन्न, प्रवेशाच्या फॉर्मसाठी रात्रभर रांगेत उभं राहायची तुमची तयारी आणि आठ वर्षांनी पोराला आयआयटीत लागणारा नंबर असा सगळा हिशेब करून मोकळ्या होतात. आमच्या वेळचेरीच्या सोसायटीत राहायला आलेल्या घरगुरुजींनी या प्रश्नाला छाती पुढे काढून उत्तर दिलं, ‘नो स्कूल!’ मामींनी क्षणभर दोन्ही पोरांकडे पाहिलं, मग आवाज उतरवून विचारलं, ‘फीचा प्रॉब्लेम आहे का?’

‘घरगुरुजी’ हे नाव आम्हा इथल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. मूळचे कराडचे, सांगलीला इंजिनिअर झालेले. ओरगडमच्या पट्ट्यात मोटारी तयार होतात, तिथे गुणवत्ता खात्यात त्यांनी बारा वर्षं काढली. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं दृष्ट लागण्याजोगं आयुष्य. ती दृष्ट थोरलीच्या दुसरीच्या वहीतून लागली. एका उत्तराखाली शेरा होता : ‘उत्तर बरोबर. पुस्तकातले शब्द नाहीत. गुण शून्य.’ दुसरा बाप असता तर दोन शिव्या हासडून त्याने सही केली असती. गुरुजींनी कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे दोषाचं मूळ कारण शोधायला घेतलं. माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी ती आकृती असते ना, काट्याकाट्यावर एकेक कारण लिहायची, ती काढून ते मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. भेट किती वेळ चालली यावर मतभेद आहेत. आकृती शाळेने परत केली नाही, एवढं नक्की. त्या वर्षअखेर थोरली शाळेतून निघाली, धाकटा शाळेत गेलाच नाही, आणि पुढच्या वर्षी गुरुजी स्वतःही कारखान्यातून बाहेर पडून घरी बसले. घर चालतं ते वहिनींच्या बँकेतल्या नोकरीवर. हे गुरुजी लपवत नाहीत. उलट ‘संस्थेला अनुदान आहे’ असं म्हणतात.

ही जात आता पुण्यात, बेंगळुरूत, ठाण्यातही सापडते. ‘तोत्तोचान’ वाचून निम्मा महाराष्ट्र डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला त्याच पिवळ्या बसमध्ये चढवतो. ही माणसं डोळे पुसत नाहीत, दाखला काढतात. माँटेसरीबाई १९३९ साली अड्यारला आल्या आणि युद्धामुळे पुढची काही वर्षं हिंदुस्थानातच अडकून पडल्या, ही गोष्ट चेन्नईतल्या घरशाळावाल्यांना कुलदैवताच्या कथेसारखी पाठ असते. आमचे गुरुजी तर दर गुरुवारी पोरांना अड्यारच्या त्या प्रसिद्ध वडाखाली नेतात. मूळ खोड १९८९ च्या वादळात पडलं, पारंब्यांवर झाड उभं आहे, यावर ते शिक्षणपद्धतीचं एक रूपक रचतात. ते रूपक पुरं होईपर्यंत पोरं खारीच्या मागे गेलेली असतात.

शाळेच्या घंटेवर गुरुजींचा विशेष राग. म्हणून घरात घंटा नाही, वेळापत्रक नाही, इयत्ता नाही. मात्र सकाळी साडेसहाला गच्चीवर ‘ढगांचं निरीक्षण’ असतं. सात वाजता इस्त्रीवाल्या अण्णाच्या गाडीशी उभं राहून कोळसा आणि उष्णता. साडेसातला इडली. ती फुगते तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र, वाफवली जाते तेव्हा पदार्थविज्ञान, आणि वाटली जाते तेव्हा अपूर्णांक. पोरांना ती मिळते तेव्हा गार. आपली पोरं शाळेत निदान दोन ते अडीच या वेळात मोकळी असत, हे मला गुरुजींना सांगवलं नाही. त्यांच्या घरात शिक्षण नाही असा चोवीस तासांत एकही क्षण नसतो. एकदा धाकटा आमच्या दारात येऊन बसला. नऊ वर्षांचं पोर, चेहरा आंबलेला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘काका, मला दांडी मारायची आहे. पण कशाला मारू?’

घरातला विरोधी पक्ष म्हणजे आजी. गुरुजींच्या मातोश्री. कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर उभी हयात मास्तरीण म्हणून काढलेल्या. मुलाने नातवंडांना शाळेतून काढलं हे त्यांना कळलं, तेव्हा त्या पेन्शनची पासबुकं आणि लाल शाईचं पेन घेऊन मुक्कामालाच आल्या. २००९ चा शिक्षणहक्क कायदा त्यांना तोंडपाठ. गुरुजी म्हणणार, ‘आई, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण मिळायला हवं, हे बंधन सरकारवर आहे.’ आजी चष्मा न काढता म्हणणार, ‘कलम दहा. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य.’ गुरुजी म्हणणार, ‘पण न घालणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही!’ यावर आजी : ‘शिक्षा मी देते की.’ घोकंपट्टीला घरात बंदी आहे. मात्र दुपारी गुरुजी शिक्षणविषयक व्याख्यानं ऐकता ऐकता सोफ्यावर कलंडले की आतल्या खोलीतून दबक्या आवाजात पावकी-निमकी ऐकू येते. धाकटा गणितात वाणसामानवाल्यालाही ऐकत नाही; गुरुजी याचं श्रेय इडलीला देतात.

वहिनी कोणत्याच पक्षात नाहीत. त्या संध्याकाळी सातला येतात, बूट काढतात आणि एका वाक्यात काम संपवतात. गुरुजींचं आवडतं उदाहरण आहे : २०१६ साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीची सर्टिफिकेटं नसताना अमेरिकेत एमआयटीत गेली. पाहुणा आला की हे उदाहरण चहाबरोबर येतं. वहिनी आतून म्हणतात, ‘अहो, तिने इन्फॉर्मेटिक्सच्या ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली होती, तेही सांगा.’

पण गुरुजींचा खरा हुकमाचा एक्का एमआयटी नव्हे. सरफोजीराजे. ‘मद्रासला मराठी मुलाची घरशाळा मी सुरू केलेली नाही,’ असं ते म्हणाले की ऐकणाऱ्याने बूड टेकायला हरकत नाही, आता तासाभराची निश्चिंती. तंजावरच्या तुळजाजीराजांनी १७८७ साली दत्तक घेतलेला दहा वर्षांचा पोरगा. राजे वारले, गादीवर अमरसिंह बसला, पोराचे हाल सुरू झाले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने त्याला सांभाळलं, शिकवलं, आणि १७९३ साली जिवाच्या भीतीने मद्रासला हलवलं. तिथे गेरिके नावाचा दुसरा पाद्री त्याचा गुरू. ना वर्ग, ना युनिफॉर्म. आणि त्यातून निघालं काय? गुरुजी इथे उभे राहतात. सरस्वती महाल ग्रंथालयात भर घालणारा, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसकट नोंदी ठेवणारा, देवनागरी छापखाना काढून १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून मराठीत छापवणारा राजा! पुण्यात तेव्हा छापखान्याचा पत्ता नव्हता! आणि जगाचा भूगोल मुलांना कळावा म्हणून त्याने तो गाण्यांत घातला, ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटकच लिहिलं!

‘आणि राज्य?’ एकदा वहिनींनी विचारलं.

‘राज्य १७९९ मध्ये कंपनीला द्यावं लागलं,’ गुरुजी जरा खाली बसत म्हणाले. ‘पण किल्ला ठेवला होता.’

‘आपल्याकडे निदान फ्लॅटचे हप्ते तरी चालू राहू देत,’ वहिनी म्हणाल्या.

तंजावरच्या भोसल्यांचा हा अभिमान गुरुजी योग्य-अयोग्य स्थळी काढतात. मामींच्या घरी पोंगलला जेवायला बोलावलं असताना त्यांनी पहिल्या वाढपाला सांगून टाकलं की सांबार हा मराठ्यांचा पदार्थ. तंजावरच्या राजवाड्यात आमटीला आमसूल संपलं, चिंच घातली, पंगतीला संभाजीराजे होते म्हणून सांबार. दंतकथा आहे, पण गुरुजी ती बखरीच्या आवाजात सांगतात. मामी शांतपणे ऐकत राहिल्या, पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘मग परवा तुमच्या घरी केलं होतं ते काय होतं?’

तर अशा गुरुजींच्या डोक्यात एके दिवशी ‘मोहीम’ शिरली. सहलीला ते सहल म्हणत नाहीत. देश पुस्तकात नसतो, रस्त्यावर असतो. तेव्हा मोटारीने देश बघायचा. घरशाळावाल्यांत अशी मोहीम न काढणारा माणूस म्हणजे पंढरपूर न केलेला वारकरी. पहिला आराखडा साधा होता : चेन्नई, जिंजी, तंजावर, परत. आठवड्याभराने तो रद्द झाला, कारण त्यात ‘देश’ नव्हता. दुसऱ्या आराखड्याचा शोध त्यांना पूनमल्लीला ट्रॅफिकमध्ये अडकले असताना लागला. हाच तो राष्ट्रीय महामार्ग ४८! हाच न सोडता गेलं तर कांचीपुरम, वेल्लोर, बेंगळुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे, आणि थेट दिल्ली. वाटेत वेल्लोरचा किल्ला, दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला शहाजीराजांची समाधी. दक्षिण दिग्विजयाची मोहीमच उलटी करायची. पुढचा सबंध महिना घरात टोलनाके आणि गडकोट याखेरीज विषय नव्हता. आजींनी एकदाच तोंड घातलं. ‘कराडवरनं जातोय ना रस्ता? मला तिथं उतरव. आणि यांना पण.’

मग लॅम्बटन आला आणि दुसरा आराखडाही बारगळला.

विल्यम लॅम्बटन हा कंपनीच्या फौजेतला इंग्रज अधिकारी. हिंदुस्थानची मोजणी त्रिकोणांत करायची म्हणून त्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासला सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साखळी जमिनीवर ठेवली. साडेसात मैलांची पाया-रेषा. साखळी शंभर फुटांची, पोलादी. चीनच्या बादशहाला नजर करायला नेलेल्या आणि त्याने नाक मुरडून परत पाठवलेल्या सामानातली. त्या एका रेषेवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो माणूस दोन दशकं चालत राहिला, कन्याकुमारीच्या बाजूपासून ७८ रेखांशाच्या आसपासची रेघ धरून उत्तरेकडे. आणि १८२३ च्या जानेवारीत मेला कुठे? वर्ध्याजवळ हिंगणघाटला!

‘हिंगणघाट!’ गुरुजी रात्री साडेदहाला आमची बेल वाजवून म्हणाले. ‘आमच्या दारातल्या टेकडीवरनं निघालेला माणूस विदर्भात पोचतो. रोड ट्रिपच ही. याहून मोठा अभ्यासक्रम दाखवा.’ मी दार लावेपर्यंत त्यांनी पुढचं सांगून टाकलं : मोहिमेचा प्रारंभ पाया-रेषेच्या मोजणीने होणार, त्याच तारखेला, त्याच जागी.

१० एप्रिलला चेन्नईत काय असतं हे ज्याने सोसलंय त्याला मी सांगायला नको. सकाळी आठला रस्ता तापतो. घरगुरुजींनी साखळी म्हणून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली होती, दर पाच फुटांवर गाठ. दोन विजेच्या खांबांमधलं तेच अंतर त्यांनी तीनदा मोजलं आणि तीन वेगळी उत्तरं आली. गुणवत्ता खात्यातल्या माणसाला हे सहन होईना. मग त्यांना आठवलं की लॅम्बटन साखळी उन्हाने लांबू नये म्हणून तिच्यावर सावली धरत असे, शेजारी थर्मामीटर ठेवत असे. आजींनी पोरांसाठी दिलेली छत्री त्यांनी उघडली आणि दोरीवर धरली. पोरं उन्हातच. बापाने फुटपाथवर छत्री धरून दोरीबरोबर सरकत जायचं, थोरलीने आकडा लिहायचा, धाकट्याने दुसरं टोक पायाखाली दाबून उभं राहायचं, अशी मोजणी पुढे निघाली, तोच एक वाहतूक पोलीस आडवा आला. ‘एन्न सार इदु?’ हे काय आहे?

पलीकडे लष्कराचा परिसर, अलीकडे विमानतळाचा रस्ता, मधे दोरी, वही आणि दाढी वाढलेला उत्तरेकडचा माणूस. गुरुजींनी १८०२ पासून सुरुवात केली. इंग्रजीत. पोलिसाचा हात वॉकीटॉकीकडे गेला. तेव्हा थोरली पुढे झाली आणि अस्सल वेळचेरीच्या तमिळमध्ये दोनच शब्द बोलली, जे तमिळमध्येही इंग्रजीच आहेत : ‘स्कूल प्रोजेक्ट, सार.’

पोलिसाचा चेहरा बदलला. त्याने दोरीचं दुसरं टोक धाकट्याच्या पायाखालून काढून स्वतः धरलं. शिट्टी मारून एक शेअर ऑटो मागे सारला. आपल्या मुलीलाही थर्मोकोलचा धरण-प्रकल्प करून द्यावा लागला, दोन रात्री जागलो, हे सांगितलं. निघताना त्याने ठरलेला प्रश्न विचारलाच : ‘एंद स्कूल?’

‘होम स्कूल, सार,’ थोरली म्हणाली.

‘होम स्कूल...’ त्याने आठवून पाहिलं. ‘तांबरमला आहे तीच ना? चांगली आहे.’

साडेसात मैलांपैकी किती झाले हे गुरुजी सांगत नाहीत. वहीत पुढे ‘निरीक्षण : उष्माघात’ अशी नोंद आहे.

मोहिमेची मुख्य तयारी त्यानंतर सुरू झाली. आराखडा तिसरा, मार्ग लॅम्बटनचा, मुदत वहिनींच्या रजेइतकी, म्हणजे पोंगलच्या सुट्ट्या धरून बारा दिवस. दर रविवारी सभा. घरशाळेत लोकशाही असल्यामुळे प्रत्येकाची मागणी नोंदवायची असते. धाकट्याला हुबळीचा फलाट बघायचा होता : पंधराशे सात मीटर, जगातला सर्वांत लांब, तो चालून किती मिनिटं लागतात हे त्याला स्वतः मोजायचं होतं. हुबळी लॅम्बटनच्या रेघेपासून पार पश्चिमेला आहे हे गुरुजींनी समजावलं. पोराने म्हटलं, ‘फक्त तीन रेखांश.’ थोरलीला आंबूरची बिर्याणी. ती ‘आर्काटच्या नबाबांचा इतिहास’ या सदरात मंजूर झाली. आजींना नरसोबाची वाडी. वहिनींना अशी एक संपूर्ण दुपार, जिच्यात त्यांना कोणी काही समजावून सांगणार नाही. हे सगळं घेत घेत नकाशावरची लाल रेघ कुरडईसारखी दिसायला लागली. त्यावर गुरुजींची स्वतःची अट : गूगलचा नकाशा बंद. दिशा सूर्यावरून, उंची कोनमापकाने केलेल्या घरगुती थिओडोलाइटवरून. गाडीच्या डिकीत पुस्तकांची खोकी बसली, तिपाई बसली. कुकर आणि आजींची पिशवी बसेना. वहिनींनी खोकी उतरवली, कुकर चढवला, आणि मोबाइलवर नकाशा लावून तो आपल्या पर्समध्ये ठेवला. जाताना सबंध वाटेत पर्समधून एक बाई दबक्या आवाजात डावीकडे वळायला सांगत होती, आणि गुरुजी सूर्याकडे बघून डावीकडे वळत होते.

जिंजीला ते बरे वागले, असं वहिनी म्हणतात. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी या तीन टेकड्या, राजाराम महाराजांचा तिथला मुक्काम, १६९० पासून झुल्फिकारखानाने आवळलेला आणि १६९८ मध्ये कुठे सुटलेला वेढा, २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकटा हाच. एवढं सगळं त्यांनी राजगिरीच्या अर्ध्या चढावर आटोपलं, कारण पुढे बोलायला श्वास उरला नाही. पोरं वर जाऊन, माकडांशी भांडून, खाली येऊन ताडाचे उकडलेले कोंब खात बसली होती.

घोळ झाला तो तंजावरला. बृहदीश्वराच्या देवळात ते शिरले तो दिवस नेमका माट्टू पोंगलचा. तिथला भलाथोरला नंदी त्या दिवशी भाज्यांनी मढवतात. वांगी, भोपळे, दुधी, केळी यांच्या माळांत देव दिसेनासा होतो. पोरं हरखली. आजींनी हात जोडून भाज्यांचा भाव काढला. धाकट्याला विमान, म्हणजे राजराजाने १०१० साली पुरं केलेलं ते अजस्र शिखर, वेगळ्याच कारणासाठी बघायचं होतं. १८०८ साली लॅम्बटनने आपला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट त्यावर चढवायला घेतला आणि दोर तुटून यंत्र आपटलं, ही गोष्ट त्याला सर्वांत आवडली होती. तो शिखराच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, ‘बाबा, मग लॅम्बटनला कोण ओरडलं?’

‘कोण ओरडणार? तोच साहेब होता. स्वतः बसून दुरुस्त केलं त्याने.’

‘म्हणजे मोठं झाल्यावर पाडलं तर चालतं,’ पोराने नोंद करून घेतली.

पण गुरुजींचं लक्ष तोवर उडालेलं होतं. प्राकाराच्या भिंतीवर त्यांना अक्षरं दिसली होती. देवनागरी. मराठी. सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा सगळा इतिहास, देशातल्या लांबलचक शिलालेखांपैकी एक. गुरुजींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

इथे मला त्यांच्याविषयी एक सांगायला हवं. दहावीला गुरुजींना इतिहासात शाळेत सर्वांत जास्त गुण होते. वडील म्हणाले, इतिहास काय, निवृत्तीनंतर वाचता येतो. म्हणून सांगली, म्हणून कारखाना. घरशाळेच्या वह्या मी चाळल्या आहेत. थोरलीच्या वहीत पानभर मजकूर, धाकट्याच्या वहीत आगगाड्या. आणि ‘पालक-मार्गदर्शक’ असं लिहिलेल्या, कोणी न मागितलेल्या जाडजूड वह्यांमध्ये बारीक अक्षरांत सरफोजी, श्वार्ट्झ, लॅम्बटन, तळटिपांसकट. घरात विद्यार्थी तीन आहेत आणि त्यांतला सर्वांत अभ्यासू चाळिशी ओलांडलेला आहे, हे त्या घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. एकट्या त्यालाच ते कोणी सांगितलेलं नाही.

तर बोट ठेवलं ते उचललं नाही. दुपारी देऊळ बंद झालं तेव्हा रखवालदाराने त्यांना बाहेर काढलं. चारला उघडलं तेव्हा ते दारातच होते. दुसऱ्या दिवशी तेच. इचलकरंजीहून बसने आलेल्या पन्नासेक यात्रेकरूंनी मराठी ऐकून त्यांना घेरलं. गुरुजींनी शिलालेखाची पहिली भिंत त्यांना वाचून, फोडून, अर्थ लावून सांगितली. वहिनी दोनदा म्हणाल्या, ‘अहो, त्यांची बस सुटेल.’ शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या हातावर पन्नास रुपये ठेवले आणि म्हणाले, ‘गाईड, फार झ्याक सांगितलंस बाबा.’ ती नोट गुरुजींनी मोडलेली नाही. शिकवून मिळवलेली ही त्यांची आजवरची एकमेव कमाई.

तिसऱ्या दिवशी सरस्वती महाल. चौथ्याही दिवशी सरस्वती महाल. थोरली त्यांच्याबरोबर एकदा गेली, उरलेल्या वेळात तिने लॉजच्या मालकिणीकडून तंजावरी बाहुल्यांचं बूड जड का असतं ते शिकून घेतलं. धाकटा स्टेशनवर गाड्यांचे नंबर लिहीत होता. वहिनींना हवी ती दुपार मिळाली. एक सोडून चार. आंबूर, हुबळी, नरसोबाची वाडी, हिंगणघाट, सगळं रजेबरोबर संपलं. अखंड भारताच्या मोहिमेने चेन्नईपासून साडेतीनशे किलोमीटरची मजल मारली आणि ती परत फिरली. येताना पर्समधल्या बाईने एकदाही तोंड उघडलं नाही. परतीची वाट विचारायची गरज नव्हती.

आल्यावर सोसायटीत पुन्हा विचारपूस झाली. मामींनी थोरलीला विचारलं, काय काय पाहिलं? ती म्हणाली, ‘बाबांना.’ तिने आता मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची ठरवलं आहे. चौदा पूर्ण होताच फॉर्म भरणार, स्वतःच माहिती काढली आहे. परीक्षा या शब्दाने गुरुजी हादरले. ‘पण का?’ असं त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. ‘कशी असते ते बघायचंय,’ हे कारण खुद्द त्यांच्याच तत्त्वज्ञानात बसत असल्यामुळे त्यांना पुढे बोलता येईना.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चहाला आले असताना धाकट्याने एक जाड कागद दाखवायला आणला. दोघा भावंडांनी मिळून केलेलं प्रगतिपुस्तक. वर नाव बाबांचं. इतिहास : अ. भूगोल : ब, सूर्य चुकीच्या बाजूला धरतात. गणित : दोरी बदलावी. स्वयंपाक : सांबाराची पुनर्परीक्षा. हजेरी : शंभर टक्के, एकदाही दांडी नाही. वर्तन : ऐकून घेत नाहीत, पण मन लावून अभ्यास करतात. खाली ‘पालकाची सही’ अशी रेघ. गुरुजी हसले, नंतर हसायचे थांबले, आणि खिशातून पेन काढून सही करायला वाकले.

‘थांब,’ आजी म्हणाल्या. ‘तू पालक नाहीस यात.’ त्यांनी कागद ओढून घेतला, पिशवीतून लाल पेन काढलं, आपली वळणदार सही ठोकली, आणि जागा उरली होती म्हणून खाली शेरा मारला : ‘वरच्या वर्गात घातला. अक्षर सुधारावे.’